एपो-बीचा बँड पुन्हा गायब? अँटिबॉडीवर खापर फोडण्याआधी

परवा सकाळी इमेजरच्या खोलीतून हाक आली, "ताई, पुन्हा गेला!" काय गेला ते विचारायची गरज नव्हती. आमच्याकडे "गेला" म्हणजे एपो-बीचा बँडच. एपो-बी हे रक्तात कोलेस्टेरॉल वाहून नेणारं प्रोटीन. ते ब्लॉटवर बघायचं म्हणजे नमुन्यातली प्रोटीनं जेलमध्ये विजेने आकारानुसार वेगळी करायची, मेंब्रेन नावाच्या पातळ पडद्यावर उतरवायची (हेच ट्रान्सफर), आणि एपो-बीला चिकटणारी अँटिबॉडी लावून त्याची रेघ, म्हणजे बँड, इमेजर या कॅमेऱ्याने टिपायची. तीन-चार महिने सगळं सुरळीत चालतं, प्रत्येक ब्लॉटवर अगदी वरच्या कडेला ठसठशीत रेघ. मग एखाद्या आठवड्यात सगळं कोरं. किंवा कोरंही नाही, जिथे काही नको तिथे डागच डाग आणि हवं तिथे काही नाही.

मध्य मुंबईतल्या आमच्या छोट्या लॅबमध्ये हा प्रकार चार वर्षं चालू आहे आणि दर वेळचा पहिला आरोप ठरलेला आहे: अँटिबॉडी मेली. मग नवीन कुपीची ऑर्डर, कोटेशन, सहीसाठी फाइल, सहार कार्गोतून कधी सुटते याची वाट. यात सहा-आठ आठवडे सहज जातात. एवढं करून नवी कुपी येते आणि ब्लॉट पुन्हा कोराच येतो, हेही आमच्याकडे घडून गेलंय.

मागच्या पावसाळ्यात एका दुपारी हिंदमाताला पाणी भरलं, घरी जायची सोय नव्हती. वेळ होता म्हणून मी जुन्या लॅब-नोटबुका घेऊन बसले. "अँटिबॉडी खराब" हा शेरा लाल पेनाने चार ठिकाणी सापडला. त्यातला एकच खरा होता. बाकी तिन्ही वेळा अँटिबॉडी ठणठणीत होती, गोंधळ दुसरीकडेच होता. त्याहून गंमत तारखांची: दोन शेरे ऑगस्टमधले, एक मे महिन्यातला, एक डिसेंबरमधला. अँटिबॉडी काही पंचांग बघून मरत नाही. तेव्हा तुमचाही बँड असाच येऊन-जाऊन असेल, तर आधी गेल्या वर्षभरातल्या वाईट ब्लॉटच्या तारखा एका कागदावर लिहून काढा आणि प्रत्येकीसमोर त्या वेळचं ट्रान्सफरचं बफर (द्रावण) कोणी केलं होतं ते लिहा. पुढचं सगळं वाचायच्या आधी हे करा.

आधी अर्ध्या दिवसाची परीक्षा

अँटिबॉडी जिवंत आहे की नाही हे कळायला जेल लागत नाही, ट्रान्सफर लागत नाही. नायट्रोसेल्युलोज मेंब्रेनची बोटभर पट्टी कापा. शुद्ध केलेलं मानवी एलडीएल (रक्तातले कोलेस्टेरॉल वाहणारे कण, यांच्यावरच एपो-बी असतं) घ्या आणि पट्टीवर एक-एक मायक्रोलिटरचे ठिपके द्या: १००, ५०, २५ आणि १० नॅनोग्रॅम प्रोटीनचे. वाळू द्या. पुस्तकात अर्धा तास लिहिलेला असतो, ऑगस्टमध्ये मुंबईच्या हवेत तासभर धरा. मग ब्लॉकिंग (मेंब्रेनची रिकामी जागा दुसऱ्या प्रोटीनने झाकणं), प्रायमरी म्हणजे एपो-बीची अँटिबॉडी तासभर, धुणं, सेकंडरी म्हणजे प्रायमरीला चिकटणारी, एचआरपी हे एन्झाइम लावलेली अँटिबॉडी, धुणं, आणि ईसीएल, म्हणजे एचआरपीमुळे उजळणारं द्रावण. ही डॉट ब्लॉटची परीक्षा सकाळी सुरू केली तर दुपारच्या डब्याच्या वेळेपर्यंत उत्तर हातात. शेजारी दुसरी पट्टी फक्त सेकंडरीची ठेवा, म्हणजे उजेड कोणाचा आहे ते कळेल.

एक अडचण आहे. पट्टीवरचं एपो-बी अजून आपल्या चरबीच्या गोळ्यावर गुंडाळलेलं, मूळ आकारातलं असतं. ब्लॉटवर ते उलगडलेलं असतं. काही मोनोक्लोनल अँटिबॉडी (प्रोटीनची एकच ठरावीक जागा ओळखणाऱ्या) एकच रूप ओळखतात. म्हणून त्याच एलडीएलचा थोडा भाग सॅम्पल बफरमध्ये (प्रोटीन उलगडणाऱ्या द्रावणात) ७० अंशांवर दहा मिनिटं ठेवायचा, टीबीएस या खारट बफरने चांगला पातळ करायचा आणि त्याचेही ठिपके खालच्या ओळीत द्यायचे. दोन्ही ओळी उजळल्या तर अँटिबॉडी निर्दोष, फाइल बंद. आता चोर दुसरीकडे शोधायचा.

हे प्रोटीन नेहमीच्यातलं नाही

आपल्या हाताला सवय असते ती ४०-५० किलोडाल्टनच्या प्रोटीनची (किलोडाल्टन हे प्रोटीनच्या वजनाचं एकक). अ‍ॅक्टिन ४२, ट्युब्युलिन ५५ च्या आसपास. एपो-बी-१०० मध्ये ४५३६ अमिनो आम्लं आहेत आणि वजन सुमारे ५५० किलोडाल्टन. लिव्हरमध्ये तयार होतं, कोलेस्टेरॉल आणि इतर चरबी घेऊन रक्तात उतरतं, आणि एलडीएलच्या प्रत्येक कणावर त्याचा एकच रेणू असतो. तोच रेणू पेशीच्या एलडीएल रिसेप्टरला (एलडीएल पकडून आत घेणाऱ्या प्रोटीनला) जाऊन लागतो. ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना १९८५ साली नोबेल मिळालं ते याच वाटेच्या शोधासाठी.

याचा धाकटा भाऊ एपो-बी-४८. जनुक तेच, पण माणसाच्या आतड्यात एमआरएनएमधलं, म्हणजे जनुकाच्या प्रतीतलं, एकच अक्षर बदललं जातं, सीएए या कोडॉनचा (तीन अक्षरी शब्दाचा) यूएए, म्हणजे 'थांबा', होतो आणि २१५२ अमिनो आम्लांवर गाडी थांबते. म्हणजे सुरुवातीचा ४८ टक्के भाग, म्हणून नाव ४८. माणसाच्या लिव्हरमध्ये हे संपादन होत नाही. माउस आणि रॅट या दोन्ही उंदरांच्या लिव्हरमध्ये मात्र होतं, त्यामुळे उंदराच्या लिव्हरच्या लेनमध्ये (जेलवरच्या त्या नमुन्याच्या पट्ट्यात) दोन बँड दिसले तर ते प्रोटीन तुटलेलं आहे असं समजून घाबरू नका. आमच्याकडे एकाने याच घाबरण्यात आख्खा महिना घालवला होता. उलटही होतं: अँटिबॉडी शेपटाकडच्या भागावर बेतलेली असेल तर तिला ४८ दिसणारच नाही, आणि आपण म्हणणार की बँड गायब. एमबी-४७ नावाची जुनी मोनोक्लोनल रिसेप्टरला लागणाऱ्या भागाजवळ बसते, तिला फक्त १०० दिसतं. १डी१ नावाची सुरुवातीच्या टोकाकडे बसते, तिला दोन्ही दिसतात. कुपीवरचं नाव वाचून थांबू नका, ती प्रोटीनच्या कुठल्या तुकड्याविरुद्ध केली आहे ते माहितीपत्रकात शोधा.

पहिला ऑगस्ट: बँड कचऱ्याच्या डब्यात

जुलैअखेर नवी मुलं प्रोजेक्टला येतात. त्या वर्षीच्या मुलीचा हात फार स्वच्छ होता. सॅम्पल नीट, जेल नीट, ट्रान्सफरचं सँडविच तर बघत राहावं असं. तरी सलग चार ब्लॉट कोरे. पाचव्या वेळी मी तिच्या बाजूला स्टूल ओढून बसले आणि काही न बोलता फक्त बघत राहिले.

काचा उघडल्या, तिने ब्लेडने स्टॅकिंग जेल (स्टॅकर, म्हणजे नमुना भरायच्या विहिरी असलेला वरचा सैल थर) कापलं आणि त्याच झटक्यात, कड सरळ यावी म्हणून, खालच्या जेलचीही दोन-तीन मिलिमीटर पट्टी काढून टिशूत गुंडाळून टाकली. "अगं, ती पट्टी दे बघू," म्हटलं. तिने कचऱ्यातून काढून दिली. कूमासी या प्रोटीन निळं करणाऱ्या रंगात टाकली. तासाभराने प्लाझ्माच्या लेनखाली निळी रेघ, अगदी कापलेल्या कडेला चिकटून.

झालं होतं असं की जेल दहा टक्क्यांचं होतं (टक्के जितके जास्त तितकी जेलची भोकं लहान). दहा टक्क्यांच्या जेलमध्ये ५५० किलोडाल्टनचं प्रोटीन आत शिरतच नाही म्हटलं तरी चालेल, दारातच बसतं. आणि नेहमीचा रंगीत लॅडर, म्हणजे माहीत वजनांच्या प्रोटीनची मोजपट्टी, २५० किलोडाल्टनला संपतो, त्यामुळे त्याच्या वर काही शोधायचं असतं हे डोळ्याला सुचत नाही. एपो-बीला पाच टक्क्यांचं जेल तरी हवं, किंवा ३ ते ८ टक्क्यांचं ट्रिस-अ‍ॅसिटेट. स्टॅकर अजिबात कापू नका, तसाच मेंब्रेनवर जाऊ द्या. पाच टक्क्यांचं जेल म्हणजे नीट न जमलेला खरवस, बोटाने उचलायला गेलात की फाटलंच. ओला फिल्टर पेपर त्यावर अलगद टेकवा आणि पेपरसकट काच उलटी करा.

मोठ्या लॅडरसाठी पैसे नसतील तर शुद्ध एलडीएलची लेनच मोजपट्टी म्हणून चालवा. प्लाझ्मा वापरत असाल तर हिशोब करून घाला. साधारण माणसाच्या प्लाझ्मात एका मायक्रोलिटरमागे एक मायक्रोग्रॅमच्या आसपास एपो-बी असतं. शंभरपट पातळ करून पाच मायक्रोलिटर घातले तरी ५० नॅनोग्रॅम झाले, भरपूर झाले. आमच्याकडे कुणीतरी एकदा थेट दोन मायक्रोलिटर प्लाझ्मा घातला होता. इतका माल एका जागी आला की तिथलं ईसीएल क्षणात संपलं आणि बँडच्या जागी पांढरी पोकळी आली, काठाला फक्त काळी किनार. तीही "गायब बँड" म्हणूनच नोंदली गेली! आणि कंट्रोल हवा म्हणून स्वतःच्याच दंडाला सुई लावायचा उत्साह करू नका. मानवी नमुना म्हणजे एथिक्स कमिटीची परवानगी, मग तो तुमचा स्वतःचा का असेना.

याच ऑगस्टच्या तपासात आणखी एक सवय सापडली: सॅम्पल ९५ अंशांवर पाच मिनिटं उकळायची. अ‍ॅक्टिनला ती चालते. एपो-बी मुळातच पाण्याचा तिटकारा असलेलं, चरबीत रमणारं प्रोटीन. उकळलं की एकमेकांना मिठी मारून गुठळ्या होतात आणि त्या विहिरीच्या तळाशी बसतात. ७० अंश, दहा मिनिटं, आणि डीटीटी (प्रोटीनमधले गंधकाचे बंध सोडवणारं रसायन) ताजं. आमचा हीट ब्लॉक ७० दाखवतो तेव्हा खरं तापमान ७८ असतं, हे थर्मामीटर बुडवल्यावर कळलं. तुमचाही एकदा बुडवून बघा.

मे महिना: कोल्ड रूम

मेमधला शेरा मला स्वतःला लागला होता, कारण ब्लॉट माझेच होते.

मोठं प्रोटीन जेलमधून मेंब्रेनवर उतरवणं म्हणजे चाळीच्या जिन्यावरून गोदरेजचं कपाट उतरवणं. घाई केली की अडकतं. सात-दहा मिनिटांत ट्रान्सफर करणारी अर्ध-कोरडी यंत्रं लहान प्रोटीनला झकास, पण त्यांच्यावर एपो-बीचा अर्ध्याहून जास्त माल जेलमध्येच राहिलेला मी पाहिलाय. आमची रीत अशी: ओली टाकी, ३० व्होल्ट, रात्रभर म्हणजे साधारण सोळा तास, ४ अंशांच्या कोल्ड रूममध्ये, ०.४५ मायक्रॉनचं पीव्हीडीएफ मेंब्रेन. पीव्हीडीएफ आधी मेथॅनॉलमध्ये भिजवायचं हे सांगायला नको, तरी सांगते.

त्या मे महिन्यात कोल्ड रूमचा कॉम्प्रेसर रात्री दमायचा. दिवसा दाराबाहेरच्या काट्यावर ४ दिसायचं, कारण दिवसा तो चालू असायचा. रात्री काय होतं ते बघायला कोण येणार? शेवटी आतमध्ये एक कमाल-किमान थर्मामीटर टांगला, तर सकाळी कमाल १७. टाकीतलं बफर त्याहून गरम असणार, कारण वीज वाहते तिथे उष्णता आलीच. बफर तापलं की प्रवाह वाढतो, प्रवाह वाढला की आणखी तापतं, बुडबुडे सुटतात, आणि जिथे जेल नि मेंब्रेन यांच्यात बुडबुडा तिथे टक्कल. माझ्या ब्लॉटवर गोल गोल पांढरे चट्टे होते, त्याला मी आठ दिवस "अँटिबॉडीचा असमान प्रसार" असं भारदस्त नाव दिलं होतं.

कॉम्प्रेसर दुरुस्त व्हायला तीन आठवडे लागले. आईस मशीनही त्याच वेळी रुसलेलं. आमच्या लॅबचे मामा थर्मोकोलचा डबा घेऊन बाजारात गेले आणि मासेवाल्या मावशींकडून बर्फाचा चुरा घेऊन आले. डब्यात टाकी, टाकीभोवती चुरा, डब्याला झाकण. ब्लॉट उत्तम आला. लॅबला चार दिवस बांगड्याचा वास होता, पण त्याबद्दल कुणी तक्रार केली नाही.

ट्रान्सफर झालं की नाही हे अँटिबॉडी लावायच्या आधीच कळू शकतं. मेंब्रेन पॉन्सो या प्रोटीन लाल करणाऱ्या रंगात बुडवा, आणि वापरलेलं जेल फेकू नका, कूमासीत टाका. मेंब्रेनवर वरचा भाग फिका आणि जेलमध्ये वर निळी रेघ, म्हणजे कपाट अजून जिन्यातच आहे. हे दहा रुपयांचं काम आहे आणि निम्मे गुन्हे इथेच उघडकीला येतात.

दुसरा ऑगस्ट: फ्रिजवरचं स्टिकर

ट्रान्सफर बफरची मूळ कृती टोबिन आणि मंडळींची, १९७९ ची: २५ मिलिमोलर ट्रिस, १९२ मिलिमोलर ग्लायसिन, २० टक्के मेथॅनॉल. जवळपास प्रत्येक लॅबच्या फ्रिजवर ती चिकटवलेली असते, आमच्याही आहे. मेथॅनॉलमुळे प्रोटीनवरचं एसडीएस (प्रोटीन उलगडून हलतं ठेवणारं साबणासारखं रसायन) सुटतं, प्रोटीन मेंब्रेनला घट्ट धरतं, जेल फुगत नाही. पण त्याच मेथॅनॉलमुळे जेल आकसतं, भोकं लहान होतात. ४० किलोडाल्टनला फरक पडत नाही, ५५० ला पडतो. म्हणून एपो-बीसाठी मेथॅनॉल १० टक्के, आणि वर ०.०५ टक्के एसडीएस, म्हणजे प्रोटीन हलतं राहतं. एसडीएस यापेक्षा फार वाढवू नका, ०.१ च्या पुढे गेलात की प्रोटीन मेंब्रेनला धरायचंच विसरतं आणि आरपार जातं.

आता नवीन मूल येतं. सिनियर सांगतो, "बफर करून ठेव." मूल फ्रिजकडे बघतं, २० टक्के वाचतं, प्रामाणिकपणे २० टक्के घालतं. बाटलीवर लिहितं "ट्रान्सफर बफर". सगळे तीच वापरतात. बँड जातो. पंधरा दिवसांनी बाटली संपते, जुनं कुणीतरी सवयीने १० टक्क्यांचं करतं, बँड परत येतो, आणि तोवर नवी अँटिबॉडी आलेली असते म्हणून श्रेय तिला मिळतं. आमच्या दुसऱ्या ऑगस्टची हीच गोष्ट. कळल्यावर आम्ही स्टिकरवर २० खोडून पेनाने १० लिहिलं आणि स्वतःची पाठ थोपटली.

डागाळलेले ब्लॉट: गाय, शेळी आणि दूध पावडर

हा प्रकार कोऱ्या ब्लॉटच्या उलट, म्हणून वेगळा. सगळं मेंब्रेन काळं, बँड असलाच तर त्यात बुडालेला.

एपो-बीच्या बऱ्याच पॉलिक्लोनल अँटिबॉडी (प्राण्याच्या रक्तातून घेतलेल्या, प्रोटीनच्या अनेक जागा ओळखणाऱ्या) शेळीत केलेल्या असतात. त्यांना सेकंडरी लागते ती शेळीच्या आयजीजीला (रक्तातल्या मुख्य प्रकारच्या अँटिबॉडीला) ओळखणारी. आणि ब्लॉकिंगला आपण सवयीने काय घेतो? पाच टक्के दूध पावडर. दुधात गाईचं आयजीजी असतंच. गाय आणि शेळी भावकीतल्या. शेळीला ओळखणारी सेकंडरी गाईलाही ओळखते. म्हणजे आपण आख्ख्या मेंब्रेनला सेकंडरीचं निमंत्रण देऊन ठेवतो. सशातली प्रायमरी होती तेव्हा दूध उत्तम चालत होतं, कुपी बदलून शेळीची आली आणि दुसऱ्या दिवसापासून काळोख. कुपीवर "गोट" हा एवढासा शब्द होता, कुणी वाचलाच नव्हता.

बीएसए (सीरममधलं अल्ब्युमिन) घेतलंत तरी ते गाईचंच, आणि स्वस्तातल्या बीएसएमध्ये आयजीजीचे अंश राहतात. आयजीजी काढलेलं बीएसए घ्या, किंवा माशाचं जिलेटिन. सेकंडरी गाढवात केलेली असेल तर गाढवाचं साधं सीरमही ब्लॉकिंगला चालतं. आमच्याकडे माशाचं जिलेटिन रुळलंय. मामांना ते फार पटलं.

गाईचा आणखी एक उपद्रव. हेप-जी-२ पेशी, म्हणजे माणसाच्या लिव्हर ट्यूमरपासून आलेल्या, आपण वासराच्या सीरममध्ये वाढवतो. त्या सीरममध्ये वासराचं स्वतःचं एपो-बी असतं. मीडियातलं (पेशी वाढवायच्या द्रवातलं) एपो-बी मोजणार असाल आणि अँटिबॉडी पॉलिक्लोनल असेल तर तुम्ही पेशींचं काम मोजताय की वासराचं, हे कळणार नाही. पेशी न लावलेल्या नुसत्या मीडियाची एक लेन ठेवा. त्यात बँड आला तर पेशी धुऊन सीरमविरहित मीडियात ठेवूनच नमुना घ्या.

कधी कधी बँड नसतो कारण प्रोटीनच नसतं

हे पटकन सांगते. लिव्हरच्या पेशी एपो-बी बनवत राहतात, पण त्यावर चढवायला चरबी नसेल तर बरंचसं आतल्या आत मोडून टाकतात. उपाशी पेशींमध्ये बँड फिका येणारच. बीएसएला बांधलेलं ओलेइक आम्ल ०.४ मिलिमोलर रात्रभर दिलं की मीडियातला बँड उठून दिसतो. दोन्ही लेन शेजारी ठेवा, फिका-गडद फरक दिसला की अँटिबॉडी बरोबर तेच बघतेय याचीही खूण पटते.

तोडमोड बाहेरही होते. बँडखाली शिडीसारखे तुकडे किंवा लांबलचक ओघळ दिसला तर प्रोटीएज, म्हणजे प्रोटीन तोडणारी एन्झाइमं. पीएमएसएफ हे प्रोटीएज अडवणारं रसायन घातलं होतं असं सगळे सांगतात. कधी घातलं ते विचारा. पाण्यात, पीएच ८ आणि २५ अंशांवर, पीएमएसएफ साधारण ३५ मिनिटांत अर्धं उरतं. सकाळी बफरमध्ये घालून दुपारी पेशी फोडल्यात तर ते नावालाच आहे. पेशी फोडायच्या क्षणी घाला. आणि एलडीएल, प्लाझ्मा फ्रीझरमध्ये टाकून पुन्हा पुन्हा वितळवू नका. लिपोप्रोटीनचे कण गोठले की फुटतात, चिकटतात. ईडीटीए (धातूचे आयन बांधणारं रसायन) घालून, अंधारात, ४ अंशांवर ठेवा आणि काही आठवड्यांत संपवा.

लोडिंग कंट्रोलचा (सगळ्या लेनमध्ये माल सारखा पडला का हे दाखवणाऱ्या दुसऱ्या प्रोटीनचा) प्रश्न हमखास येतो: पाच टक्क्यांच्या जेलमधून अ‍ॅक्टिन तर रंगाबरोबर खाली पळून जातो. फिलॅमिन घ्या, २८० किलोडाल्टनचं आहे, किंवा विन्क्युलिन. मीडियासाठी पेशींनी सोडलेलं मानवी अल्ब्युमिन मोजा, पण वेगळ्या जेलवर.

डिसेंबर: खरोखर मेलेली अँटिबॉडी

चारातला एक शेरा खरा होता म्हटलं, तो हा. कुपी शुक्रवारी संध्याकाळी आली. सिक्युरिटी केबिनमध्ये कुणीतरी सही केली, खोकं टेबलाखाली ठेवलं, लांबलेला वीकएंड होता, मंगळवारी आमच्या हातात आलं. बर्फाच्या पिशव्या कोमट. तेवढ्याने अँटिबॉडी मरतेच असं नाही, काही दिवसांची उष्णता बऱ्याच जणी सोसतात. आम्ही खरी वाट लावली ती पुढे: ती कुपी आपोआप बर्फ वितळवणाऱ्या घरगुती फ्रीझरमध्ये, दाराच्या कप्प्यात ठेवली. असा फ्रीझर बर्फ साचू नये म्हणून अधूनमधून स्वतःच गरम होतो. दिवसातून कितीदा गोठणं-वितळणं झालं असेल, देव जाणे. तीन महिन्यांनी डॉट ब्लॉटवर १०० नॅनोग्रॅमचा ठिपकासुद्धा उजळेना.

तेव्हापासून कुपी आली की त्याच दिवशी दहा-दहा मायक्रोलिटरचे भाग करायचे, प्रत्येकावर लॉट नंबर आणि तारीख. एक भाग ४ अंशांवर चालू वापराला, बाकी साध्या उणे २० मध्ये, मागच्या भिंतीला. पॉलिक्लोनल असेल तर लॉट नंबर फार महत्त्वाचा. प्राणी बदलला की अँटिबॉडी बदलली, नाव तेच राहिलं तरी. जुन्या लॉटचा एक भाग राखून ठेवा आणि नवीन लॉट आल्यावर एकाच ब्लॉटचे दोन तुकडे करून दोन्ही शेजारी लावून बघा. पातळ केलेली प्रायमरी पुन्हा वापरायची असेल तर कुजू नये म्हणून अ‍ॅझाइड चालतं, पण मेंब्रेन नीट धुवा, आणि एचआरपी लावलेल्या सेकंडरीत ते चुकूनही नको. अ‍ॅझाइड एचआरपीचं काम बंद पाडतं, आणि मग इतकं सगळं बरोबर असूनही इमेजरवर काळोख.

परवाचं काय झालं

परवा "ताई, पुन्हा गेला" म्हणणाऱ्या मुलीला मी आधी तारीख विचारली. ऑगस्ट. "मॅडमना मेल करू का नवीन कुपीसाठी?" म्हणाली. मेल लिहून ड्राफ्टमध्ये ठेव म्हटलं, आणि पट्टी काप.

दीडच्या सुमाराला ती डबा अर्धा टाकून आली. "ताई, डॉट आले. दहा नॅनोग्रॅमचा पण आलाय." मग कालचं जेल कुठे आहे विचारलं. सुदैवाने टाकलं नव्हतं, डब्यात पाण्यात होतं. कूमासीत घातलं. चहा पिऊन परत आलो तर सहाही लेनमध्ये वर, विहिरीच्या जरा खाली, निळ्या रेघा ओळीने उभ्या. कुणी जिना उतरलंच नव्हतं.

बफर तिनेच केलं होतं, मागच्या सोमवारी. आम्ही दोघी फ्रिजसमोर जाऊन उभ्या राहिलो. मी पेनाने केलेली दुरुस्ती दमट हवेत विरून फिकट जांभळा डाग उरला होता, आणि त्याच्याखाली छापलेले २० कोणाच्याही बापाला वाचता येतील असे.

तिने काही न बोलता नखाने स्टिकरचा कोपरा उचलायला सुरुवात केली. अर्धं निघालं, अर्धा गोंद तसाच राहिला. मामांनी आतून रॉकेलचा बोळा आणून दिला.